भुकेवरची लस: प्रतिपिंडं तयार झाली, वजन मात्र हललं नाही

२००६ साली एकाच कल्पनेचे दोन निकाल काही महिन्यांच्या अंतराने आले आणि त्यांचा एकमेकांशी मेळ बसला नाही. अमेरिकेत ला होया इथल्या स्क्रिप्स संशोधन संस्थेतल्या एरिक झोरिया, किम जांडा आणि सहकाऱ्यांनी ऑगस्टमध्ये प्रसिद्ध केलं की घ्रेलिन या भुकेच्या संप्रेरकाविरुद्ध लस टोचलेल्या उंदरांचं वजन कमी वेगाने वाढतं, आणि जे कमी वाढतं त्यात मुख्यतः चरबीच असते. वर्ष संपता संपता झुरिकजवळच्या सायटोस बायोटेक्नॉलॉजी या कंपनीने आपल्या घ्रेलिन-लशीच्या माणसांवरच्या चाचणीचा निकाल जाहीर केला. लस सहन झाली, प्रतिपिंडं (अँटिबॉडी) तयार झाली. पण लठ्ठ सहभागींच्या वजनात प्लासिबोच्या, म्हणजे औषध नसलेल्या नकली डोसच्या, तुलनेत फरक पडला नाही.

औषधांच्या जगात अपयशी चाचण्यांची कमतरता नाही. ही वेगळी वाटते ती एवढ्यासाठी की इथे लशीने आपलं काम चोख केलं होतं. शरीराने स्वतःच्याच संप्रेरकाविरुद्ध प्रतिपिंडं बनवावीत ही अवघड पायरी पार पडली, आणि सोपी वाटणारी पुढची पायरी अडली. ती कुठे अडली असावी, हे तपासून पाहण्यासारखं आहे.

घ्रेलिनवर संशय का होता

घ्रेलिनचा शोध १९९९चा. जपानमध्ये ओसाका इथे मासायासु कोजिमा आणि केंजी कांगावा हे वाढ-संप्रेरक स्रवायला लावणाऱ्या एका ग्राहीचा (पेशीवरच्या, संदेश घेणाऱ्या प्रथिनाचा) नैसर्गिक जोडीदार शोधत होते. ग्राही आधीच माहीत होता, त्याला बसणारा रेणू सापडत नव्हता. तो अनपेक्षितपणे जठरात सापडला: २८ अमिनो आम्लांची साखळी, आणि तिसऱ्या क्रमांकावरच्या सेरीनला चिकटलेलं आठ कार्बनांचं मेदाम्ल. हे मेदाम्लाचं शेपूट नसेल तर घ्रेलिन त्या ग्राहीला जागं करत नाही. रक्तात फिरणाऱ्या घ्रेलिनपैकी बहुतेक बिनशेपटाचंच असतं. पुढे सगळं या शेपटाभोवती फिरतं.

मग पुरावे भराभर आले. २००० साली माथियास चोप यांच्या गटाने दाखवलं की घ्रेलिन टोचत राहिलं की उंदरांच्या अंगावर चरबी चढते. २००१मध्ये लंडनच्या गटाने निरोगी स्वयंसेवकांना शिरेतून घ्रेलिन दिलं आणि समोर मनसोक्त जेवण ठेवलं. त्यांनी सरासरी २८ टक्के जास्त खाल्लं. त्याच वर्षी सिअॅटलमध्ये डेव्हिड कमिंग्ज यांनी दिवसभर रक्त काढून पाहिलं, तर प्रत्येक जेवणाआधी घ्रेलिन जवळपास दुपटीने चढत होतं आणि जेवणानंतर तासाभरात उतरत होतं.

सगळ्यात बोलका ठरला कमिंग्ज यांचाच २००२चा अभ्यास. आहार आवळून वजन १७ टक्के उतरवलेल्या लोकांत दिवसभराचं एकूण घ्रेलिन २४ टक्क्यांनी वाढलं होतं. उलट ज्यांची जठर-बायपास शस्त्रक्रिया झाली होती त्यांच्यात ते तेवढ्याच वजनाच्या लठ्ठ लोकांपेक्षा ७२ टक्क्यांनी कमी होतं. म्हणजे डाएट करणाऱ्याला भूक खेचत राहते आणि शस्त्रक्रिया झालेल्याला खेचत नाही, याचं एकच उत्तर हाताशी आल्यासारखं झालं. घ्रेलिन अडवा, वजन उतरेल. असं वाटणं मुळीच चूक नव्हतं.

पण विरुद्ध बाजूचे कागदही छापून झाले होते. २००१मध्येच दिसलं होतं की लठ्ठ माणसांच्या रक्तात घ्रेलिन सडपातळ माणसांपेक्षा कमी असतं, जास्त नाही. शरीराने आपणहून नळ बारीक केलेला असताना तोच नळ आणखी आवळून किती पाणी वाचणार? दुसरा कागद २००३चा, अमेरिकेतल्या बेलर वैद्यक महाविद्यालयातला: घ्रेलिनचं जनुकच काढून टाकलेले उंदीर नेहमीसारखे वाढले आणि नेहमीसारखे खात राहिले. नंतरच्या कामात याला थोडी मुरड पडली, लहान वयापासून चरबीयुक्त खाणं दिलं तर असे उंदीर काहीसे कमी लठ्ठ होतात असं दिसलं. तरी जन्मापासून घ्रेलिनच नसलेला प्राणी पोटभर जेवतो, हे लस बनवणाऱ्याला अस्वस्थ करायला पुरेसं होतं.

स्वतःच्या संप्रेरकाविरुद्ध लस बनते कशी

प्रतिकारयंत्रणा स्वतःच्या रेणूंना ओळखते आणि सोडून देते. ही सवय मोडायची तर एक जुनी युक्ती आहे: छोटा स्वकीय तुकडा एका मोठ्या, परक्या वाहकावर चिकटवायचा. मदतनीस टी पेशी वाहकाला परका समजून पेटून उठतात. त्यांच्या आधाराने बी पेशी जे प्रतिपिंड बनवतात त्यातलं काही वाहकाविरुद्ध असतं, काही त्यावर बसवलेल्या तुकड्याविरुद्ध. टी पेशींना मात्र स्वकीय तुकड्याविरुद्ध शिकवायचं नाही, कारण त्या ऊतींवर हल्ला करतात. ही काळजी पोकळ नव्हती. अल्झायमरवरच्या एएन-१७९२ या लशीचे डोस २००२मध्ये थांबवावे लागले ते काही रुग्णांच्या मेंदूला आणि मेंदूच्या आवरणाला दाह झाल्यामुळे, आणि त्यात संशय टी पेशींवरच होता.

स्क्रिप्सच्या गटाने वाहक म्हणून एका सागरी गोगलगाईच्या रक्तातलं प्रथिन घेतलं. प्रयोगशाळेत ते या कामासाठी नेहमीच वापरतात. त्यावर घ्रेलिनच्या तीन वेगवेगळ्या आवृत्त्या बसवल्या: पहिली १ ते १० अमिनो आम्लांची, मेदाम्लाच्या शेपटासह, दुसरी १३ ते २८ची, म्हणजे शेपूट नसलेला मागचा भाग, तिसरी पूर्ण साखळी, शेपटासह. सतरा प्रौढ नर विस्टार उंदीर. पहिल्या आणि तिसऱ्या लशीने वजनवाढ रोखली, दुसरीने नाही. प्रयोगाची ही मांडणी मला फार आवडते. मागच्या भागाविरुद्धची प्रतिपिंडं घ्रेलिनला चिकटली तरी जागं करणारं टोक मोकळंच राहतं, त्यामुळे नुसतं चिकटणं आणि निष्प्रभ करणं यांतला फरक त्याच प्रयोगात उघडा पडतो. जितकी सक्रिय, म्हणजे शेपटासहच्या, घ्रेलिनविरुद्धची प्रतिपिंडं जास्त, तितकी वजनवाढ कमी, असा क्रमही दिसला. मेंदूत पोहोचणारं घ्रेलिन रक्तातल्याच्या मानाने कमी झालं होतं.

सायटोसचा वाहक वेगळा होता, क्यू-बीटा या जिवाणूभक्षक विषाणूचं कवच. आत विषाणूचा जनुकीय माल नसलेला हा कण एकाच प्रथिनाच्या १८० प्रतींनी बनतो. असा एकसारखा, दाट नक्षीचा पृष्ठभाग बी पेशींना विषाणूसारखा भासतो आणि त्या जोरात प्रतिसाद देतात. त्या कणावर घ्रेलिन बसवून झाली सीवायटी-००९, माणसांवर तपासलेली तीच लस.

कणाला दोष देता येतो का? फारसा नाही. याच कंपनीने त्याच कणावर अँजिओटेन्सिन-२ बसवून रक्तदाबावरची लस बनवली होती. २००८मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापून आलेल्या चाचणीत मोठ्या डोसने दिवसाचा रक्तदाब प्लासिबोपेक्षा सरासरी वरचा ९ आणि खालचा ४ मिलिमीटरने उतरला. म्हणजे स्वतःच्या संप्रेरकाला माणसात लशीने अडवता येतं आणि त्याचा परिणामही मोजता येतो. याच लशीची पुढची हकिगत आपल्या प्रकरणाला जास्त उपयोगी आहे: डोस लवकर लवकर दिले तेव्हा प्रतिपिंडांची पातळी वाढली, पण रक्तदाब उलट कमी उतरला, कारण त्या घाईत तयार झालेल्या प्रतिपिंडांची पकड सैल होती. प्रतिपिंडं किती हे सांगणारा आकडा पकडीबद्दल काहीच सांगत नाही. तरीही लशीच्या निकालात पहिला आकडा तोच येतो, कारण तो मोजायला सोपा.

उंदरांनी खरं काय सांगितलं होतं

स्क्रिप्सच्या निबंधातली एक गोष्ट बातम्यांत बहुतेक हरवली. लस टोचलेल्या उंदरांचं वजन कमी वाढलं ते अन्नाचं वजनात रूपांतर होण्याचं प्रमाण घटल्यामुळे. खाल्लेल्या प्रत्येक ग्रॅममागे अंगावर कमी चढत होतं. निबंधाच्या सारांशातलं शेवटचं वाक्य वजनवाढ मंदावण्याचं श्रेय याच गोष्टीला देतं. भूक मेल्याचा दावा तिथे नाही. बाहेर मात्र ती 'भूक मारणारी लस' म्हणून गाजली.

हा फरक बारीक वाटेल, पण माणसांवरची अपेक्षा यावरच उभी होती. अजून वजन वाढत असलेल्या, ठरलेलं साधं खाणं खाणाऱ्या प्राण्याची वजनवाढ मंद करणं एक, आणि आधीच लठ्ठ असलेल्या, हवं ते समोर असलेल्या माणसाचं वजन उतरवणं दुसरं. पहिल्यावरून दुसऱ्यावर उडी मारताना मधली पायरी, म्हणजे आधीच लठ्ठ झालेल्या प्राण्याचं साठलेलं वजन लस उतरवते का, ही त्या प्रयोगात नव्हतीच.

ती पायरी काही अंशी पुढे पोर्तुगालमध्ये घेतली गेली. पोर्तो विद्यापीठातल्या मारियाना मोंतेइरो यांच्या गटाने मेंढ्यांच्या नीलजिव्हा रोगाच्या विषाणूतल्या एका प्रथिनाच्या नळ्यांवर घ्रेलिन बसवलं आणि सामान्य वजनाच्या तसंच आहाराने लठ्ठ केलेल्या उंदरांना टोचलं. २०११मध्ये एंडोक्राइन सोसायटीच्या अधिवेशनात त्यांनी सांगितलं की शेवटच्या डोसनंतर लठ्ठ उंदरांचं खाणं लस न दिलेल्यांच्या निम्म्यावर आलं, आणि मेंदूतला भूक वाढवणारा न्यूरोपेप्टाइड वाय हा संदेशही कमी झाला. गंमत अशी की स्क्रिप्समध्ये जोर ऊर्जेच्या वापरावर होता, इथे खाण्यावर. एकाच संप्रेरकाला अडवून दोन प्रयोगशाळांत दोन निराळ्या वाटांनी परिणाम दिसत असतील, तर त्या संप्रेरकाचं काम आपण समजतो तेवढं सरळ नाही असं धरायला हवं.

माणसात काय अडलं असावं

याचं एक ठाम उत्तर कुणी दाखवून दिलेलं नाही. पण जी कारणं प्रयोगांतून पुढे आली आहेत ती एका पारड्यात नाहीत, आणि मी त्यांना सारखं वजन देणार नाही.

प्रतिपिंडांचा तुटवडा हे कारण मला सर्वांत कमी पटतं. सक्रिय घ्रेलिन रक्तात अतिशय थोडं असतं. चांगला प्रतिसाद देणाऱ्या माणसातली प्रतिपिंडं त्याच्या कितीतरी पट जास्त भरावीत. प्रश्न चिकटल्यानंतर काय होतं याचा आहे. सक्रिय घ्रेलिन रक्तात काही मिनिटंच टिकतं, विकरं (एन्झाइम) त्याचं शेपूट तोडून टाकतात. प्रतिपिंडाला चिकटलेलं घ्रेलिन या विकरांपासून सुरक्षित राहतं. पकड घट्ट असेल तर ते अडकून पडतं. सैल असेल तर ते नंतर सुटतं आणि आपल्या ग्राहीपर्यंत जातं. फ्रान्समधल्या रुआँ इथल्या सेर्गेई फेतिसोव्ह यांच्या गटाने २०१३मध्ये दाखवलं की लस वगैरे काही न घेतलेल्या लठ्ठ माणसांच्या रक्तातही घ्रेलिनला चिकटणारी प्रतिपिंडं असतात, ती घ्रेलिनला तुटण्यापासून वाचवतात आणि उंदरांना घ्रेलिनसोबत दिली की त्याचा भूक वाढवणारा परिणाम वाढवतात. अडवायला पाठवलेला पहारेकरी सामानाची राखण करू लागला, असा हा प्रकार. सायटोसच्या सहभागींत हेच घडलं असं मी म्हणत नाही. पण सैल पकडीची प्रतिपिंडं निरुपयोगीच्याही पलीकडे जाऊ शकतात, हे त्यामुळे मान्य करावं लागतं.

दुसरं कारण जागेचं. घ्रेलिन जठराच्या भिंतीतून निघतं आणि तिथेच जवळ असलेल्या व्हेगस मज्जातंतूच्या टोकांवरही काम करतं. रक्ताच्या मुख्य प्रवाहातली प्रतिपिंडं ही छोटी वाट पूर्ण बंद करतील असं गृहीत धरता येत नाही.

तिसरं कारण ग्राहीचं आहे, आणि लठ्ठपणाच्या औषधांच्या चर्चेत ते फार मागे पडतं. कोपनहेगनच्या बिर्गिटे होल्स्ट आणि सहकाऱ्यांनी २००३मध्ये दाखवलं की हा ग्राही घ्रेलिन नसतानाही आपल्या कमाल क्षमतेच्या जवळपास निम्म्याने चालू असतो. घ्रेलिनचा शेवटचा रेणूसुद्धा टिपून घेतला तरी हा पायाभूत आवाज प्रतिपिंडाला बंद करता येत नाही. तो खाली आणणारा शरीराचा स्वतःचा रेणू, लीप-२, या ग्राहीवर काम करतो हे २०१८मध्ये ओळखलं गेलं, चाचणीनंतर बारा वर्षांनी.

माझ्या मते सर्वांत जड कारण यांपैकी एकही नाही. ते आहे माणसं निवडण्याचं. ज्यांच्यात घ्रेलिन आधीच खाली आहे अशा लठ्ठ लोकांना घ्रेलिन अडवणारी लस दिली गेली. घ्रेलिन चढतं ते वजन उतरल्यावर. मेलबर्नमधल्या गटाने २०११मध्ये दाखवलं की दहा आठवड्यांच्या कडक आहाराने वजन उतरवलेल्या लोकांत घ्रेलिन वर्षभरानंतरही मूळ पातळीपेक्षा वरच होतं आणि भूकही जास्त होती. लशीला काही करून दाखवायची जागा होती ती तिथे, उतरलेलं वजन पुन्हा चढू नये यासाठी. कमिंग्ज यांच्या २००२च्या आकड्यांतून हे वाचता येत होतं.

उलट्या दिशेने तीच कल्पना

हीच कल्पना, म्हणजे भुकेच्या संप्रेरकाला प्रतिपिंडाने अडवायचं, एका ठिकाणी जमली. फक्त तिथे भूक वाढवायची होती.

जीडीएफ-१५ हा रेणू सिडनीतल्या सॅम्युएल ब्राइट यांच्या गटाने १९९७मध्ये भक्षक पेशींचं उत्पादन म्हणून वर्णन केला. भुकेशी त्याचा संबंध आहे असं तेव्हा कुणाच्या मनातही नव्हतं. २००७मध्ये याच गटाने दाखवलं की काही कर्करोगाच्या गाठी हा रेणू भरभरून सोडतात आणि त्याने खाणं तुटतं, वजन ढासळतं. २०१७मध्ये चार निरनिराळ्या गटांनी एकाच सुमारास त्याचा ग्राही शोधला, मेंदूच्या मागच्या भागातला जीफ्राल.

पोन्सेग्रोमॅब हे जीडीएफ-१५ पकडणारं तयार, म्हणजे शरीराबाहेर बनवून टोचलेलं, प्रतिपिंड. त्याच्या दुसऱ्या टप्प्याच्या चाचणीचा निकाल सप्टेंबर २०२४मध्ये आला. फुप्फुस, स्वादुपिंड किंवा मोठ्या आतड्याच्या कर्करोगाने खंगत चाललेले १८७ रुग्ण. प्रवेशाची अट महत्त्वाची: रक्तात जीडीएफ-१५ मिलिलीटरला किमान १५०० पिकोग्रॅम असलाच पाहिजे. बारा आठवड्यांनी प्लासिबोच्या तुलनेत वजन १०० मिलिग्रॅमच्या गटात १.२२ किलो, २००च्या गटात १.९२ आणि ४००च्या गटात २.८१ किलो जास्त होतं. डोस वाढेल तसा परिणाम वाढला. आधी संप्रेरक मोजलं, चढलेलं सापडलं, मग अडवलं.

जीडीएफ-१५ची आणखी एक बाजू आहे. टी पेशींना गाठीत शिरू न देण्यातही तो भाग घेतो. विसुग्रोमॅब हे त्याच्याविरुद्धचं दुसरं प्रतिपिंड निव्होलुमॅब या इम्युनोथेरपीच्या औषधाबरोबर दिल्यावर, आधीच्या इम्युनोथेरपीला दाद न देणाऱ्या काही रुग्णांच्या गाठी आक्रसल्या, असं २०२४च्या अखेरीस प्रसिद्ध झालं. भूक आणि प्रतिकारशक्ती यांचं नातं इथे एकाच रेणूत येऊन बसलं आहे.

घ्रेलिनचा प्रयोग पुन्हा करायचा झाला तर

शरीरालाच प्रतिपिंडं बनवायला लावणारी लस नको, हे माझं पहिलं म्हणणं. तयार प्रतिपिंड थांबवलं की काही आठवड्यांत किंवा महिन्यांत शरीरातून जातं. लशीने शिकवलेल्या बी पेशींना थांब म्हणता येत नाही, आणि प्रतिपिंडं ओसरायला किती वेळ लागेल हे माणसागणिक बदलतं. शिवाय तयार प्रतिपिंडाची पकड आधीच निवडून घेता येते. लशीत ज्याच्या त्याच्या शरीरात जी बनेल ती घ्यावी लागते. सहभागी असावेत वजन उतरवलेले, आणि शेपटासह असलेलं घ्रेलिन वेगळं मोजून ते चढलंय हे दिसलेले. एकूण घ्रेलिन मोजून भागत नाही, कारण त्यात बिनशेपटाचं बहुसंख्य असतं. रक्ताचा नमुना काढल्याबरोबर आम्लाने स्थिर केला नाही तर शेपूट परीक्षानळीतच गळतं; जुन्या आकड्यांतला बराच गोंधळ इथूनच येतो.

आणि एक धोका आराखड्यात सुरुवातीपासून लिहायला हवा. घ्रेलिनला शेपूट जोडणाऱ्या विकराचं नाव गोट. मायकेल ब्राउन आणि जोसेफ गोल्डस्टीन यांच्या गटाने या विकराचं जनुक नसलेल्या उंदरांचं अन्न ६० टक्क्यांनी तोडलं. साधे उंदीर त्यात तगून राहिले. हे जनुक नसलेल्या उंदरांची रक्तशर्करा आठवडाभरात इतकी घसरली की ते मरणपंथाला लागले. घ्रेलिन किंवा वाढ-संप्रेरक टोचल्यावर सावरले. पोटभर खाणाऱ्या प्राण्यात ज्याच्याविना काही बिघडत नाही, ते उपासमारीत जीव राखतं. वजन उतरवण्यासाठी कडक आहारावर असलेला माणूस या प्रयोगातल्या उंदराच्या बराच जवळ असतो. म्हणून घ्रेलिन अडवायची सुरुवात आहार चालू असताना करायची नाही, वजन स्थिर झाल्यावर करायची, आणि मध्ये आजारपणाने खाणं तुटलं तर डोस थांबवायचा, अशी अट मी पहिल्या पानावर घालीन.